जीपचा डायनॅमो आणि मूळ रूपाचा हट्ट

२०१९ चा रमजान भर मे महिन्यात आला होता. विदर्भातला मे महिन्याचा रोजा काय असतो ते ज्याने धरला त्यालाच ठाऊक. एकविसावा रोजा होता, नवतपा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. साकोलीला मोठ्या आपाकडे राहिलेल्या अम्मीला घेऊन मी गोंदियाला परतत होतो. गाडी अब्बांची. १९६८ ची महिंद्राची पेट्रोल जीप, उंच बॉनेटची, तीन गिअरची. अब्बा तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे मुन्शी होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी ही जीप लिलावात घेतली आणि पुढे पंचवीस-तीस हंगाम तिच्यावर काढले. २०१६ मध्ये अब्बा गेले. जीप राहिली.

कोहमाऱ्याला हायवे सोडून गोरेगावच्या रस्त्याला लागलो. डाव्या हाताला नागझिऱ्याचे जंगल, पाठीमागे दक्षिणेला नवेगावचे. मुर्दोलीच्या अलीकडे एक ट्रक पुढे रेंगाळत होता. त्याच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटे चाललो आणि टेंपरेचरचा काटा सरकत सरकत शेवटाला टेकला. बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी बाजूला घेतली.

मगरिबला अर्धा तास होता. गाडीत खजूर होते आणि पाण्याच्या दोन बाटल्या. रेडिएटर अर्धा रिकामा. गरम रेडिएटरची कॅप उघडायची नसते, उघडली तर उकळते पाणी तोंडावर येते, म्हणून वाट बघत बसलो. सूर्य साजाच्या झाडांमागे गेला. आम्ही एकेका खजुरावर रोजा सोडला. मी अम्मीला बाटली दिली. तिने दोन घोट घेतले, मला दोन घोट घ्यायला लावले आणि म्हणाली, "बाकीचं हिला पाज."

नागझिऱ्याच्या नावातच झिरा आहे, जमिनीतून झिरपणारे पाणी. त्या झिऱ्याच्या जंगलाशेजारी उभे राहून आम्ही इफ्तारचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले.

गाडी सुरू झाली, पण आता अंधार पडला होता. इंजिन पुन्हा तापू नये म्हणून मी हळू चालवत होतो. हळू चालवले की आमच्या जीपचे दिवे पिवळे पडायचे, एक्सिलरेटर दाबला की उजळायचे. लहानपणी आम्हा भावंडांना याची गंमत वाटे. अब्बा पायाने दिवे लावतात असे आम्ही म्हणायचो. त्या रात्री गंमत वाटली नाही. त्या पिवळ्या उजेडात रस्ता एका जागी जास्तच काळा दिसला. ब्रेक दाबला. तो रानगवा होता. रस्त्याच्या मधोमध, आडवा. बंपर आणि त्याच्यात पाच-सहा हातांचे अंतर राहिले असेल. तो आमच्याकडे बघत उभा राहिला आणि मग आपल्या वेळेने गेला.

घरी पोहोचेपर्यंत अम्मी काही बोलली नाही. अंगणात उतरल्यावर म्हणाली, "तुझ्या अब्बांनी ही गाडी आम्हाला घरी आणायला घेतली होती. रस्त्यात ठेवायला नाही."

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. पुढचे सगळे त्याचे स्पष्टीकरण.

दुसऱ्याच दिवशी मी धाकट्या भावाला म्हणालो, ईद झाली की डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवू आणि रेडिएटरचे काम करून घेऊ. तो उखडला. "भाई, अब्बांच्या गाडीला हात लावायचा नाही. एकदा बदलायला लागलो की मग तिच्यात अब्बांचं काय राहील?"

त्याचे म्हणणे वेडगळ नव्हते. जुन्या गाड्या जपणाऱ्या कुणालाही विचारा, हा वाद घरोघरी आहे. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तशी ठेवा, स्क्रूसुद्धा बदलू नका. दुसरा म्हणतो, आत नवे इंजिन टाका, एसी बसवा, वरची कातडी तेवढी जुनी ठेवा. मी दोन्ही पक्षांत नाही. जुनी गाडी चालवायची असेल तर तिची चार्जिंगची आणि थंडाव्याची व्यवस्था आजच्या रस्त्याला आणि आजच्या उन्हाला पुरेल अशी करून घेतली पाहिजे, असे माझे मत आहे. त्यापलीकडे हात लावू नये. आणि जे करू ते उद्या कुणाला उलटे फिरवता यावे, असेच करावे.

आधी चार्जिंगचे बघू. डायनॅमोत वीज तयार होते ती फिरत्या आर्मेचरमध्ये. फिरत्या वस्तूतून ती बाहेर काढायची तर तांब्याच्या कम्युटेटरवर कार्बन घासत ठेवावे लागतात. सगळा करंट त्या घासणाऱ्या जागेतून जातो, म्हणून तो फार वाढवता येत नाही. आमच्यासारख्या गाड्यांचे डायनॅमो ऐन वेगात असताना साधारण बावीस अँपिअरपर्यंत देतात. गाडी आयडलवर असली की जवळजवळ काहीच नाही. तेव्हा कटआउट डायनॅमोला बॅटरीपासून तोडतो आणि दिवे, इग्निशन, हॉर्न सगळे एकट्या बॅटरीवर चालते. अब्बांचे पायाने दिवे लावणे ते हेच.

अल्टरनेटरने ही मांडणी उलटी केली. चुंबकक्षेत्र फिरते आणि वीज तयार होते ती बाहेरच्या स्थिर गुंडाळीत. फिरत्या भागाला फक्त क्षेत्रापुरता थोडा करंट द्यावा लागतो. मुख्य करंट स्थिर तारांतून निघतो आणि डायोडमधून सरळ होऊन बॅटरीत जातो. त्यामुळे पुली लहान ठेवून तो जास्त वेगाने फिरवता येतो आणि आयडलवरही दिव्यांना पुरेल एवढा करंट मिळतो. स्वस्त आणि टिकाऊ डायोड आल्यावरच हे शक्य झाले. अमेरिकेत १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंटमध्ये क्रायस्लरने तो सरसकट द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे डायनॅमो त्यानंतरही बरीच वर्षे चालला.

हिशोब साधा आहे आणि तो प्रत्येकाने आपल्या गाडीचा कागदावर करावा. दोन हेडलाइट पंचावन्न वॉटचे धरले तर एकशे दहा वॉट. मागचे दिवे, नंबरप्लेटचा आणि डॅशबोर्डचा दिवा मिळून पंचवीस. इग्निशनला चाळीस-पन्नास. झाले एकशे ऐंशीच्या आसपास. बारा व्होल्टने भागा, पंधरा अँपिअर येतात. बावीसच्या डायनॅमोला हे वेगात झेपते, रांगेत झेपत नाही. त्यावर रेडिएटरसाठी विजेचा पंखा बसवला तर आणखी सात ते दहा अँपिअर. म्हणजे ऐन वेगातसुद्धा मिळकतीपेक्षा खर्च जास्त. जुन्या गाडीत नुसता विजेचा पंखा बसवणारे आणि मग बॅटरीला शिव्या देणारे लोक मी पाहिले आहेत. बॅटरीचा त्यात काय दोष? पगार तोच ठेवून घरात खाणारी तोंडे वाढवली, दुसरे काय. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी अल्टरनेटर, मग पंखा.

आता थंडावा. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. पाणी नव्वद अंशांवर आणि हवा तीस अंशांवर, तर फरक साठचा. मे महिन्यात गोंदियात हवा पंचेचाळीसवर गेली की फरक उरतो पंचेचाळीसचा. जाळी तीच, पंखा तोच, पण उष्णता बाहेर पडते ती पाव हिश्श्याने कमी. जी गाडी डिसेंबरात कधी तक्रार करत नाही ती मे महिन्यात का उकळते, त्याचे हे उत्तर आहे. यात गाडीचा दोष नाही. पण त्या पाव हिश्श्याची तजवीज आपण करावी लागते.

आमच्या जीपमध्ये तर दुखणी अनेक होती. तेंदूच्या हंगामात अब्बा जिथे पाणी मिळेल तिथले भरत: बोडीचे, विहिरीचे, बोअरचे. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसला होता. बोडीचा गाळ तळाशी. कॅपचे रबर कडक झाले होते. ही कॅप लोकांना नुसते झाकण वाटते, पण तिचे काम आत दाब धरून ठेवण्याचे. दर पौंड दाबामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. सात पौंडांची चांगली कॅप असेल तर पाणी शंभरऐवजी एकशे दहाच्या आसपास उकळते. कॅप गळकी असली की ते दहा अंश गेले. आणि थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून फेकला होता. "गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. त्याने दुखणे झाकते, जात नाही. हिवाळ्यात इंजिन थंड चालते, पेट्रोल जास्त खाते, घासते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलायचा असतो, त्याची जागा रिकामी ठेवायची नसते.

वर्षअखेरपर्यंत भाऊ अडून बसला. मीही फार जोर केला नाही, कारण अब्बांची आठवण त्याला माझ्यापेक्षा जास्त येते हे मला माहीत आहे. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना दवाखान्यात नेणे-आणणे त्यानेच केले होते, याच गाडीतून. शेवटी मी म्हणालो, निदान चाचांना दाखवू. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांच्या दुकानात मी अब्बांचे बोट धरून जायचो. आता वय सत्तरीपुढचे, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. त्यांनी बॉनेट उघडले, डायनॅमोवर हात फिरवला आणि हसले.

"हा कंपनीचा नाही," म्हणाले. "हा ट्रॅक्टरचा आहे. तुमच्या अब्बांनी आणून दिला, मी बसवला. तू तेव्हा शाळेत होतास बेटा, आणि हा तर झालाच नव्हता." त्यांनी ब्रॅकेट दाखवले. भोक कानसीने घासून लांबट केलेले होते. "कंपनीवाला भर हंगामात जळला. तुमच्या अब्बांना दुसऱ्या दिवशी फडीवर पोहोचायचं होतं. ते म्हणाले, काहीही लाव पण सकाळी गाडी निघाली पाहिजे."

भाऊ बराच वेळ त्या लांबट भोकाकडे बघत राहिला.

ज्याला आम्ही मूळ म्हणून जपत होतो ते मूळ नव्हतेच. ते अब्बांनी आपल्या गरजेसाठी केलेले एक काम होते. पुढे चाचांनी सांगितले, कार्ब्युरेटर एकदा बदललेला, हेडलाइटच्या वाट्या बदललेल्या, हूड तर तीनदा. अब्बांना गाडीचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? दर शुक्रवारी नमाजला जाण्याआधी ते ती स्वतः धूत. पण त्यांनी तिला कधी देव्हाऱ्यात किंवा दर्ग्यात ठेवले नाही. आम्ही ठेवायला निघालो होतो.

काम जानेवारी २०२० मध्ये झाले. काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण अशी गाडी असलेले वाचक विचारतात.

आधी बॅटरीचे कुठले टोक बॉडीला आहे ते पाहिले. आमच्या जीपचे निगेटिव्ह होते, पण जुन्या इंग्रजी घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह असू शकते. तिथे न बघता अल्टरनेटर जोडला तर डायोड तत्क्षणी जातात. मग छत्तीस अँपिअरचा, आतच रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर घेतला. साठ-सत्तरचा घेण्याचा मोह टाळला. खर्च पंचवीसचा असताना साठची मिळकत कशाला, आणि एवढ्या भाराला जुना बेल्ट घसरतो. ब्रॅकेट नवे बनवले; इंजिनच्या ब्लॉकला एकही नवे भोक पाडले नाही. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत हे दोरी लावून तपासले. फॅनबेल्ट एकच असतो, पाण्याचा पंपही त्यावर आणि चार्जिंगही त्यावर. तो तिरका चालून तुटला की दोन्ही एकदम बंद. एक जास्तीचा बेल्ट सीटखाली कायम ठेवा.

अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर आणि मध्ये फ्यूज. जुन्या वायरींवर कापडाचे आवरण होते, बोटाने चोळले तर भुगा होई. जुन्या गाड्यांना आगी लागतात त्या बहुतेक अशाच जागी. जुन्या पद्धतीत सगळा चार्जिंगचा करंट डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून फिरून येतो. तीस अँपिअरच्या त्या मीटरमधून छत्तीसचा प्रवाह नेणे धोक्याचे, म्हणून त्याची तार सोडवली, मीटर जागेवर ठेवला आणि खाली छोटा व्होल्टमीटर लावला. गाडी चालू असताना तो चौदाच्या आसपास दिसला की समजावे, सगळे ठीक. हेडलाइटला रिले बसवले. आधी हेडलाइटचा करंट जुन्या स्विचमधून लांबून फिरून जायचा आणि वाटेतच व्होल्टेज गळायचे. नुसत्या रिलेने उजेडात जो फरक पडला तो बघून चाचाच म्हणाले, "ये तो पहले करना था."

थंडाव्यात विजेचा पंखा आम्ही सर्वांत शेवटी ठेवला. आधी रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली, नळ्या सळईने साफ केल्या, दोन गळक्या जागा डाग देऊन बुजवल्या. नवा अॅल्युमिनियमचा घ्या असे एकाने सुचवले होते. मी पितळेचाच ठेवला. तो अडल्यानडल्या जागी कुठेही डाग देऊन दुरुस्त होतो, प्लास्टिकच्या टाकीचा होत नाही. मग नवी कॅप, नवा थर्मोस्टॅट, नवे होज, आणि पंख्याभोवती पत्र्याचा गोल आडोसा, ज्याला श्राउड म्हणतात. आडोसा नसला की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेचीच हवा घुसळत बसतो. पाण्याऐवजी निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी. एवढ्यावरच निम्मे काम झाले. मग जाळीच्या पुढे एक छोटा विजेचा पंखा, तापमानाच्या स्विचवर: ब्याण्णव अंशांना सुरू, खाली आला की बंद. ट्रकच्या मागे रांगण्यासाठी तो आहे. ओढा ओलांडताना बंद करता यावा म्हणून वेगळे बटण ठेवले.

उतरवलेले सगळे सामान, तो ट्रॅक्टरचा डायनॅमो, कटआउट, जुने ब्रॅकेट, तेलकट कपड्यात गुंडाळून अब्बांच्या लोखंडी पेटीत ठेवले आहे. प्रत्येकावर चिठ्ठी. ते परत बसवायला एक दिवस पुरेल.

कायदा काय म्हणतो? २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली दुचाकी आणि चारचाकी त्यात येते. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. पण अशी नोंद केली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. ज्यांना गाडी शोभेसाठी ठेवायची आहे त्यांच्यासाठी नियम चांगला आहे. आम्ही ते केले नाही, कारण आपाचे घर साकोलीला आहे आणि अम्मीला तिथे जायचे असते. पन्नास वर्षांची वस्तू एक तर काचेत ठेवायची नाही तर भंगारात द्यायची, असे दोनच रस्ते आज दिसतात. मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. प्रदूषणाचा विचार करता टॅक्सीबाबत ते योग्यच होते. पण वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या, नीट राखलेल्या घरगुती गाडीसाठी मधला रस्ता असला पाहिजे: ब्रेक, दिवे, धूर कसून तपासा, आणि पास झाली तर चालू द्या. वयाकडे बघू नका, तब्येत बघा.

आता चाचांविषयी. त्यांच्याशिवाय हे काही झाले नसते, आणि मला खरी काळजी जीपची नाही, त्यांच्या विद्येची आहे.

गोंदियात, नागपुरात, कुठल्याही शहरात गॅरेजच्या गल्लीत फिरून पाहा. डेंटिंग, रेडिएटर, बॅटरी, वायरिंग, वाइंडिंग; पाट्यांवरची किती नावे आपली असतात ते मोजा. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांचा वाटा जास्त असलेल्या कामांत तंबाखू-बीडीचा धंदा आहे आणि वाहनदुरुस्तीही. माझ्या घराचा इतिहास त्या एका यादीत मावतो: अब्बा तेंदूपत्त्यात, चाचा वायरिंगमध्ये. शाळा लवकर सुटली म्हणून पोरे उस्तादाच्या हाताखाली गेली, हे त्यातले दुःख. पण तिथे जाऊन ती जे शिकली ते कमी नाही. चाचा आर्मेचरच्या गुंडाळ्या मोजून तार भरतात. जळक्या वासावरून सांगतात की रेग्युलेटर गेला की कार्बन. त्यांच्याकडे कसलेही सर्टिफिकेट नाही. अनुभवातून आलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे, पण ती गल्लीपर्यंत येत नाही आणि गल्ली तिच्यापर्यंत जात नाही. आयटीआयने वर्षातून आठ दिवस अशा उस्तादांना मानधन देऊन वर्गात बोलवावे. मोहल्ल्यातल्या जमातींनी, तरुण मंडळांनीही चाचांचे हात चालू आहेत तोवर त्यांचे काम मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. त्यांचा नातू मोबाइल दुरुस्त करतो. उत्तम करतो. त्याला डायनॅमो शिकायचा नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पण इलेक्ट्रिक गाड्या आल्या तरी त्यांना बॅटरी, वायरिंग आणि थंडावा लागणारच आहे. बॅटरी थंड ठेवणे हाच तिथला मोठा प्रश्न आहे. ज्या घरात तीन पिढ्या चार्जिंग आणि रेडिएटर हाताळले गेले, त्या घरातल्या पोराला ते शिकायला किती वेळ लागेल? कुणीतरी त्याला दार उघडून दिले पाहिजे, आणि त्यानेही उंबरा ओलांडला पाहिजे.

एक गोष्ट भावाला मी नंतर सांगितली. ज्या कंपनीने ही जीप बनवली ती १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. आद्याक्षरे तीच राहिली. आमचे आजोबा गेले नाहीत. भाऊ म्हणाला, "म्हणजे कंपनीचं नावसुद्धा मूळचं नाही." मी म्हणालो, "नाही. आणि गाडी चालतेच आहे."

शेवटी मुर्दोलीचे. याच जंगलात २०२३ च्या ऑगस्टमध्ये गाडीच्या धडकेने एक वाघ मेला. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये झाला, पण त्याचे जंगल तुकड्या-तुकड्यांचे आहे, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या जनावरांना हे रस्ते ओलांडावेच लागतात. माझे दिवे आता चांगले आहेत म्हणून मी तिथून वेगात जात नाही. चांगले दिवे हळू चालवण्यासाठी असतात, हे मला त्या रानगव्याने शिकवले. आधी हळू गेले की दिवे जायचे आणि वेग घेतला तर जनावर दिसायला उशीर व्हायचा. आता तिशीच्या वेगातही रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात. रांगेत अडकले तरी काटा मध्यावर असतो. जुन्या गाडीला एवढे देणे तिच्या मालकाचे कर्तव्य आहे, आणि जंगलाच्या रस्त्याने जाणाऱ्याचे तर नक्कीच.

या मे महिन्यात अम्मीला साकोलीला न्यायला भाऊच गेला होता. संध्याकाळी परत आला तेव्हा मी अंगणात होतो. त्याने इंजिन लगेच बंद केले नाही. आयडलवर सोडून तो खाली उतरला, पुढे येऊन उभा राहिला आणि दिव्यांकडे बघत राहिला. ते पिवळे पडले नाहीत. मग म्हणाला, "भाई, अब्बांना हे आवडलं असतं."

मी त्याला आत जाऊन गाडी बंद करायला सांगितले. पेट्रोल महाग आहे.